आप्पांचा आवाज मीच काढला

मंडळी, मागच्या महिन्यात मी इथंच ग्रुपवर विचारलं होतं, की मी बनवलेल्या साइटवर माणसं थांबत का नाहीत. तुम्ही सगळ्यांनी एकच सांगितलं: पान उघडताच वाजणारा आवाज काढ, लोक वैतागून पळतात.

काढला.

साइट कवठे येमाई गावच्या आप्पांच्या घोंगडीच्या दुकानाची. दारात आलेल्याला आधी पाणी, मग धंद्याचं बोलणं, ही त्यांची रीत. म्हणून साइटवरही त्यांनी हट्टानं स्वतःचा आवाज ठेवायला लावला होता, "या पाव्हणं, बसा. आधी पाणी घ्या, मग घोंगडी बघा."

दिवाळीनंतर आप्पा गेले.

आज त्यांच्या पत्नी शांतामावशी एसटीनं शिरूरला माझ्या ऑफिसात आल्या. नात कॉम्प्युटर क्लासला जाते, तिच्याबरोबर त्या रोज जाऊन तिथल्या कॉम्प्युटरसमोर बसायच्या म्हणे.

"पोरा, ह्यांचा आवाज का येत न्हाई?"

रोज एक कुणीतरी त्या पानावर अर्धा-अर्धा तास थांबतं, हे मला रिपोर्टमध्ये दिसत होतं. मी शहाण्यानं ती मोजणीतली चूक धरली.

आवाज कायमचा पुसलाय. दुसरीकडं कुठंच ठेवला नव्हता. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मावशी, बसा. आधी पाणी घ्या."

त्या उभ्याच राहिल्या.

साइट झाली तेव्हा लिंक तुम्हा सगळ्यांना पाठवली होती. कुणी तो आवाज उतरवून घेतलाय का? निदान शेवटपर्यंत ऐकला तरी होता का?