शंका माझ्या, तोंड तिचं

बारावीच्या पहिल्या चाचणीत गणितात पंचवीसपैकी चार मार्क पडले, तेव्हा सरांनी सगळ्या वर्गासमोर माझ्या हातात एक अर्ज ठेवला. गणित सोडून भूगोल घेण्याचा. "वडिलांची सही आण. माझ्या विषयाचा निकाल खाली नको."

मला इंजिनिअर व्हायचं होतं आणि गणिताशिवाय ते शक्यच नव्हतं. चार मार्कांची लाज वाटली, पण राग त्याहून जास्त आला. कारण कॉलेजात सर इंटिग्रेशनची सोपी उदाहरणं फळ्यावर सोडवायचे आणि अवघडांवर खूण करून म्हणायचे, "ही क्लासला." क्लास म्हणजे त्यांच्याच घरातला, सकाळी सहाचा. तो मला परवडणारा नव्हता.

सांगोल्याकडे अण्णांना फोन लावला. ते मेंढरांमागं होते.

"सर म्हणत्यात तर आसंल की. लई जड जातंय का?"

"जड न्हाय अण्णा. शिकवतच न्हाईत."

त्यांनी एका मेंढराला हाकारलं. "मग सही करू का नगं, येवढंच सांग."

"नगं."

होस्टेलवर माझ्या शेजारच्या पलंगावर माझ्याच वर्गातली, मैंदर्गीची मुलगी होती. घरी कानडी, बाहेर मराठी. ती सरांच्या क्लासला जायची, फळ्यावरचं सगळं सुबक अक्षरात उतरवायची आणि पाठ करून टाकायची. शंका म्हणून तिला कधी पडत नसे. मला मात्र पावलोपावली पडायच्या. तिच्या वहीतलं एक उदाहरण बघून मी विचारलं, "वर-खाली कॉस स्क्वेअरनंच का भागलंय? साइन स्क्वेअरनं का नाही?"

"सरांनी भागलं म्हणून," ती म्हणाली. "मला काय म्हाइत?"

"मग उद्या विचार की."

तिनं विचारलं. सर खूश! साइननंही येतं म्हणाले, सोडवून दाखवलं, आणि भर क्लासात म्हणाले, "असे प्रश्न पडले पाहिजेत!" ती हसत हसतच होस्टेलवर आली.

मग रोजचंच झालं. मी शंका लिहून द्यायची, ती सकाळी विचारून यायची आणि मला समजावून सांगायची. समजावता समजावता तिलाही कळायला लागलं. जे सर सकाळी माझ्या प्रश्नांना शाबासकी द्यायचे, तेच दुपारी मला विचारायचे, "अर्ज आणला का?" माझं डोकं फिरायचं.

महिन्याभरानं त्यांनी मला उभंच केलं. "अर्ज?"

"नाही देणार, सर."

सरांनी फळ्यावर एक इंटिग्रेशन लिहिलं. "सोडव. नाही आलं तर उद्या वडिलांना घेऊन यायचं."

मी मुद्दाम साइन स्क्वेअरनं भागलं. गाइडात अशी उत्तरं टॅनमध्ये असतात, माझं कॉटमध्ये आलं. मागून कुणीतरी "चुकलं" म्हणालं आणि हशा पिकला. सर हसले नाहीत. उत्तर बरोबर आहे हे त्यांना दिसत होतं.

"ही रीत कुणी शिकवली तुला?"

मैत्रिणीचं नाव घेतलं असतं तर क्लासातलं बाहेर फुकट पुरवते म्हणून तिचा क्लास गेला असता. "तुम्हीच, सर," मी म्हणाले.

"मी? कधी?"

तेवढ्यात तीच उठून उभी राहिली. "शंका हिच्या होत्या, सर. पहिल्या दिवसापासनं सगळ्या. उत्तरं तुमची. मी नुसती मधली."

तिला क्लासातून काढायची सोय नव्हती, कारण महिनाभर तिचं कौतुक सरांनीच केलं होतं. "बसा खाली," एवढंच म्हणाले. अर्जाचं नाव पुन्हा काढलं नाही. अवघड उदाहरणं मात्र 'क्लासला'च राहिली.

राहू देत. पुढच्या सोमवारी ती क्लासला निघाली तेव्हा तिच्याजवळ माझ्यासकट पाच जणींच्या शंका होत्या. शंका तिच्या एकटीच्या नाहीत, हे सरांना पक्कं माहीत होतं. तरी पाचही जणींची उत्तरं घेऊन ती आली.