मेविसबाईंचं ब्रॉडबँड

तेवीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडतोय, पण मेविस ग्रीनवुडबाईंकडे जे सापडलं तसं कुठंच पाहिलं नव्हतं.

आमच्या हॅलिफॅक्स गावातल्या चढावर एकाला एक चिकटलेली दगडी घरं, त्यातलं एक त्यांचं. बाई विधवा, एकसष्ट वर्षांच्या, एकट्या राहायच्या. डॉक्टरांची रेकॉर्ड केलेली पत्रं घरबसल्या टाइप करून पाठवायच्या. महिनाभर ब्रॉडबँड रडतखडत चाललं होतं.

"शुक्रवारपर्यंत स्पीड आला नाही तर काम दुसरीला देतायत. या वयात मला कोण ठेवणार रे?" काळजीत होत्या, पण चहा आधी दिला. आमच्याकडे घर जळत असलं तरी चहा आधी.

दाराजवळच्या मुख्य सॉकेटचं झाकण काढून आतल्या टेस्ट सॉकेटला यंत्र लावलं; तिथं घरातलं वायरिंग बाजूला पडतं, फक्त बाहेरची लाइन उरते. सहा मेगाबिट! झाकण परत बसवलं, तर अर्धा स्पीडसुद्धा नाही. म्हणजे बाहेरची लाइन ठणठणीत, घोळ घरातल्या वायरिंगचा.

"हे जादा वायरिंग कुणी केलं?"

"माझ्या नवऱ्यानं, नॉर्मननं, दुसरं कोण? हातात हातोडी आली की तो माणूस कुणाचं ऐकायचा नाही."

एकेक वायर सोडवून पाहिली. बेडरूमची ठीक, स्वयंपाकघरातली ठीक. तिसरी कपाटामागून थेट भिंतीत शिरलेली. पलीकडे एल्सी बार्करबाईंचं घर!

"शक्यच नाही," मेविसबाई म्हणाल्या.

दोघं शेजारी गेलो. ऐंशीच्या एल्सीबाई खुर्चीत बसलेल्या, शेजारी कोरा करकरीत फोन, कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचा, मोठ्या आवाजाचा. फोन आणि ब्रॉडबँड वेगळे ठेवणारा फिल्टर न लावताच जोडलेला. त्यानंच सगळी वाट लावली होती. आणि त्यांच्या स्वतःच्या लाइनचा फोन तर बाहेर हॉलमध्ये होता.

मेविसबाई पांढऱ्याफटक पडल्या. "एल्सी, हा माझ्या लाइनवर आहे?"

"माझा नवरा बर्ट आजारी होता ना, आणि आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता, म्हणून नॉर्मननं जोडून दिला होता. तू आईकडे गेली होतीस. मग... राहिला."

"राहिला? अठ्ठावीस वर्षं? आणि तू ऐकत होतीस?"

"रोज नाही गं."

"कान गेले तर ऐकायला नवा फोन आणलास की गं, मेले!"

कुठं बघावं तेच मला कळेना. मग मेविसबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या गाठीचा... डॉक्टरांचा फोन आला होता, तोही?"

एल्सीबाईंनी मान खाली घातली. "दुसऱ्या दिवसापासून सूप आणत नव्हते का मी?"

"मला वाटायचं, तुझ्याकडे उरतंय! अगं, मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर या भिंतीला टेकून एकटी रडले. तुला माहीत होतं, आणि एक शब्द नाही?"

"तू सांगितलं नव्हतंस ना. मग मी कसं विचारणार?"

अरे देवा! माणूस मेला तरी चालेल, पण न सांगितलेलं विचारायचं नाही, ही आमची रीत. मीही याच मातीतला, पण त्या दिवशी त्या रीतीची मला किळस आली.

मी घसा खाकरला. "बाई, छोटासा फिल्टर लावला तर वायर राहिली तरी स्पीड येईल. कापायलाच हवी असं नाही."

मेविसबाईंनी डोळे पुसले. "काप."

एल्सीबाईंचा चेहरा पडला.

"काप रे तू. हिला माझं काही ऐकायचं असेल तर दारातून येऊ दे. आणि आलीस की विचार मला, एल्सी. तोंडानं विचार."