बांगड्यांची व्हॅन आणि घरचा इंजिनिअर

आमच्या घराण्यात इंजिन उघडणारा पहिला माणूस मी. उघडलेलं इंजिन परत नीट लावता न आलेलाही पहिला मीच.

माझे वडील, म्हणजे अण्णा, आठवडी बाजारात बांगड्या विकतात. एक दिवस अर्धापूर, एक दिवस बिलोली, एक दिवस मुखेड. सोबत आई असते, बायकांच्या हातात बांगड्या भरायला. आणि या सगळ्याला ओढायला एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे चालवणाऱ्याला हिवाळ्यात शेकोटी आणि उन्हाळ्यात शिक्षा, दोन्ही बसल्या जागी मिळतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी लातूरच्या हॉस्टेलवरून नांदेडला घरी आलो, तेव्हा ही व्हॅन अधूनमधून झटके देत होती. ज्वारीची पोती असती तर ती डुलक्या काढत गेली असती. पण काचेच्या बांगड्या! प्रत्येक झटक्याला मागून 'छन्न' असा आवाज यायचा आणि अण्णा डोळे मिटून घ्यायचे. (चालत्या गाडीत. त्यामुळे आई मागे बांगड्यांजवळ बसू लागली होती.)

"गॅरेजला दाखवा की," आई म्हणाली.

"घरात इंजिनिअर असताना गॅरेजला? लोक तोंडात शेण घालतील."

मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मेकॅनिकलच्या दोन वर्षांत मी इंजिनचं चित्र तीनदा काढलं होतं, कारण पहिली दोन सरांनी परत केली होती. प्रत्यक्ष इंजिनाला हात लावायचा योग आला नव्हता. पण आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. अण्णांनी गल्लीत, बाजारात, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडे 'पोरगं इंजिनिअर हाय' म्हणून सांगून ठेवलं होतं. त्यांच्यासमोर 'मला येत नाही' हे वाक्य मला म्हणवेना.

"बघतो," मी म्हणालो. इतकंच म्हणालो, पण तेवढं पुरलं.

पहिल्या दिवशी मी मोबाईलवर व्हिडिओ बघून तिन्ही सिलिंडरचे स्पार्क प्लग बदलले. अगदी नवेकोरे बसवले. गाडी सुरू केली. आधी ती अधूनमधून झटके द्यायची, आता नेमाने देऊ लागली!

"का झालं रे?"

"इंजिन नव्या प्लगची सवय करून घेतंय, अण्णा."

(हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही. मी नंतर शोधलं.) अण्णांनी मात्र आदराने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी कार्बोरेटर उघडून साफ केला. तिसऱ्या दिवशी पेट्रोलचा फिल्टर. चौथ्या दिवशी प्लगच्या वायरी काढल्या आणि लावताना त्यांचा क्रम चुकवला. व्हॅनने असा काही बार काढला की समोरच्यांची शेळी दाव्यासकट मारुतीच्या पाराकडे पळाली.

"आवाज तर भारी केलास," अण्णा म्हणाले. एवढं होऊनही त्यांचा विश्वास ढळला नव्हता, हेच मला जास्त लागत होतं.

या गडबडीत मुखेडचा बाजार चुकला. त्या दिवशी आमची निम्मी व्हॅन अंगणात, आईच्या पापड वाळवायच्या चादरीवर पसरलेली होती.

मुखेडच्या बाजारात जागा कुणाच्या नावावर नसते, पण कुणाची कोणती ते सगळ्यांना ठाऊक असतं. एक बाजार चुकला तर शेजारचा विचारतो, "बरं हाय ना?" दुसरा चुकला की तो विचारत नाही, आपली ताडपत्री पसरतो. अण्णांची जागा कोपऱ्यावरची. एसटीतून उतरलेल्या बायका आधी तिथेच येतात. शेजारी चपलावाले शिवराजकाका, ज्यांच्या चपला गेली कित्येक वर्षं वीत-वीत करून आमच्याकडे सरकत होत्या.

अण्णा रागावले नाहीत. संध्याकाळी फक्त म्हणाले, "फुडच्या बाजाराला तरी जाऊ ना रे?"

त्यांनी एक कानाखाली दिली असती तर मला बरं वाटलं असतं. "जाऊ," मी म्हणालो.

पुढच्या सात दिवसांत अर्धापूर आणि बिलोलीही बुडाले, आणि मी काय काय तपासलं ते विचारू नका. हॉस्टेलच्या मित्राने फोनवर विचारलं, "प्लग बघितलेस का?" मी म्हणालो, "नवीन आहेत!" हे मी अशा सुरात म्हणालो की त्याने माफी मागितली.

बाजाराचा दिवस उजाडला. माल भरला, गाडी सुरू केली. फट... फट-फट... फट... मागे 'छन्न'. मी सीट उचलून इंजिनात डोकं घातलं. एवढ्यात आई भाकरीचं फडकं आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"काय करलालास?"

"एक सिलिंडर जळत नाहीये, आई. तिन्हींतला कोणता ते कळेना."

"जळत न्हाई म्हंजे तापत न्हाई?"

मी तिला इंजिनाचं कार्य समजावू लागलो. मी दुसऱ्या टप्प्यावर पोहोचेपर्यंत ती वाकून आत बघत होती. इंजिनाच्या बाजूला धूर बाहेर नेणारे तीन नळ होते. त्यांच्यावरचा पत्रा कधीच गळून पडला होता.

"धूर हितून निगतो? तिगांचा येगळा?"

"हो, पण आई, ते असं—"

तिने तांब्यात बोटं बुडवली आणि भाकरी टाकण्याआधी तव्यावर मारते तसे पाण्याचे थेंब मारले. पहिल्या नळावर 'चर्र'! दुसऱ्यावर 'चर्र'! तिसऱ्यावर थेंब क्षणभर शांत बसले आणि ओघळून गेले.

"दोन चुली पेटल्यात," आई म्हणाली. "ही थंडी हाय. हिच्यात बघ."

अण्णांनी इंजिन बंद केलं. मी तिसरा प्लग काढला. त्याच्या टोकाची पत्ती दबून पार चिकटली होती. मधे फटच नाही, तर ठिणगी पडणार कुठून?

"नवा ना हा?" अण्णा म्हणाले. "मग दबला कसा?"

मी प्लग उलटसुलट करून बघितला. "बसवताना फरशीवर पडला होता. मी पुसून लावला."

"कव्हा?"

"पहिल्याच दिवशी."

"आन सांगितलं का न्हाईस?"

"मला वाटलं, ती काय काच आहे का!"

हे मी बांगड्या विकणाऱ्या माणसाला म्हणालो. आमच्या घरात बांगडी हातातून निसटली तर ती टिचली का ते आधी वाजवून बघतात. अण्णांनी तो दबलेला प्लग कानाशी धरून टिचकीने वाजवून बघितला. मग त्यांनी डब्यातून जुना प्लग काढून माझ्या हातात दिला. तो लावला आणि व्हॅन शिलाई मशीनसारखी चालू लागली. (मूळचे झटके फिल्टरमधल्या कचऱ्याचे होते; तो मी तिसऱ्या दिवशीच नकळत काढला होता.)

मुखेडला पोहोचलो तेव्हा बाजार भरत आला होता. आमच्या जागेवर ताडपत्री होती, आणि ताडपत्रीवर चपला!

"शिवराज, जागा," अण्णा म्हणाले.

"मागच्या बाजाराला आला न्हाईस, आज बी पत्ता न्हाई. आमाला वाटलं सोडलीस."

"गाडी बिघडली हुती."

"का झालतं?"

आता अण्णा काय सांगतात म्हणून मी बांगड्यांच्या पेट्यांमागे सरकलो. त्यांनी सगळं सांगितलं. प्लग, फरशी, तांब्या, 'चर्र', काही म्हणजे काही गाळलं नाही. चपला लावता लावता शिवराजकाकांचा हात थांबला.

"अरे, आमचा टेम्पो बी महिन्यापासून तसंच करलालाय! गॅरेजवाल्यानं दोनदा उघडला." ते व्हॅनकडे वळले. "वैनी, जरा बघता का?"

"आदी चपला उचला," आई आतूनच म्हणाली. "मग बघू."

पाच मिनिटांत जागा मोकळी झाली. अशी चपळाई त्या माणसात आहे हे मुखेडला ठाऊक नव्हतं. आई टेम्पोकडे निघाली, मागून काका, त्यांच्यामागून मिरचीवाला आणि दोन गिऱ्हाइकं.

"तुमचं पोरगं इंजिनिअर हाय ना?" काकांनी माझ्याकडे बघत अण्णांना विचारलं. "हे काय करतंय मग?"

अण्णांनी व्हॅनमधला रिकामा तांब्या माझ्या हातात ठेवला. "जा रे," ते मला म्हणाले, "तांब्या भरून आण."

मी धावत समोरच्या हॉटेलात गेलो आणि भरून आणला. मेकॅनिकलच्या शिक्षणातलं पहिल्याच प्रयत्नात जमलेलं माझं हे पहिलं काम. (वाटेत थोडं सांडलं. पण ते मी कुणाला सांगितलं नाही.)