आबांना विचारणारा आवाज

इथले गूढ अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून. बारामतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, त्यामुळे रिपोर्टमध्ये येईल तेवढंच खरं मानायची सवय. तरीही हे लिहितेय...

माझे वडील, आबा, आमच्या गावी अंथुर्ण्यात शाळामास्तर होते. मागच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली आणि अक्षरंही लागेनाशी झाली. पेपर हातात धरून नुसते बसायचे. डॉक्टर म्हणाले होते, बोलतं ठेवा. पण आबा मानसुद्धा हलवेनात.

पुस्तकांवाचून त्यांचे हाल बघवेनात, म्हणून मी मोबाईलवर फुकट ऑडिओबुकची ॲप्स शोधायला लागले. एकात दोन प्रकरणं झाली की पैसे भरा. दुसऱ्यात मशीनचा आवाज – 'डॉ.' आलं की 'डो पूर्णविराम' वाचायचा. तिसरं मात्र चांगलं निघालं. त्यात हौशी लोकांनी वाचलेली पुस्तकं होती. एका बाईंनी वाचलेलं हिमालयातल्या प्रवासाचं पुस्तक आबांना आवडलं असावं. ते लावलं की कूस बदलून फोनकडे तोंड करायचे.

एका रविवारी मी गावी गेले होते तेव्हा दुपारी, जेवणं झाल्यावर, मी ते लावलं. फोन आबांच्या उशाशी, मी शेजारी खुर्चीत, आई आत भांडी घासत होती. आबांनी डोळे मिटलेले. वाचता वाचता त्या बाई थांबल्या. मला वाटलं नेट गेलं... पण पुस्तक तर डाउनलोड केलेलं. मग त्याच आवाजात, अगदी सहज –

"झोप लागली का? थांबू?"

आबांनी डोळे उघडले. ओठ बराच वेळ नुसतेच हलले.

"न्हाय," ते म्हणाले. "वाच."

बाई पुढे वाचू लागल्या. मी जागची हललेच नाही. आई ओल्या हातांनी बाहेर आली, कोण पाव्हणी आलीय म्हणून बघायला. तिनंही दोन्ही आवाज ऐकले होते. दुसरा आबांचा होता हे लक्षात आल्यावर ती दारातच खाली बसली.

ते प्रकरण मी पुन्हा पुन्हा ऐकलं. मध्ये ना थांबणं, ना प्रश्न. फोनचा व्हॉइस असिस्टंट बंद होता. आईच्या फोनवर घेतलं, तरी तेच. ॲपवाल्यांना मेल केला, तर मूळ रेकॉर्डिंगमध्ये असं वाक्यच नाही म्हणून उत्तर आलं. डॉक्टर म्हणाले, वाचा अशी अचानक परत येऊ शकते. आवाजाचं सांगितलं तर नुसते हसले.

आता स्पीच थेरपीसाठी आबा आणि आई माझ्याकडेच बारामतीत राहतात. आबांचे शब्द अडखळतात, पण रोज नवे येतात. काल त्यांनी मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी चांगला वाद घातला, आणि आई हसता हसता डोळे पुसत राहिली.

मला अजूनही याचा उलगडा झालेला नाही. आबांना मात्र त्यात काही नवल वाटतच नाही. त्या दुपारी नेमकं काय झालं, असं मी एकदा विचारलं, तर शब्द जुळवत म्हणाले,

"तिनं इचारलं... मग सांगाय नको व्हय?"