मेणाचा पाय

कुवेतमधल्या अहमदीचं जुनं चर्च बघायला शुक्रवारी मी फरवानियाहून बसनं निघालो. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी ओला टॉवेल उलगडला, तर आत चक्क एक पाय! मी किंचाळायचाच बाकी होतो.

"मेणाचा आहे हो," त्या हसल्या. "नवसाचा, चर्चमध्ये वाहायला. नातवाचा पाय वाकडा आहे. उद्या वसईला ऑपरेशन."

एसीची हवा त्यांनी त्या पायावर सोडली होती.

"मावशी, या उन्हात वितळणार तो!" मी चिडवलं.

"माझ्या हातात? बघतेच कसा वितळतो!"

उतरताच माझी छत्री घेऊन त्यांनी पायावर धरली आणि तरातरा निघाल्या. मागून मी, उघड्या टकलानं.

चर्चच्या दारात बघतो तर अंगठा वाकलेला. माझा चेहरा पडला. त्यांनी तो हलकेच दाबून सरळ केला.

"झालं! डॉक्टरला एवढंच तर करायचंय."