वाघाचा ठसा आणि म्हशी
डॉक्टर भाचीच्या मोडलेल्या हाताला प्लास्टर घालत असताना तोच ओलसर वास आला आणि कॉलेजातली, कोयनेच्या जंगलातली एक संध्याकाळ आठवली. वाघांच्या पाहणीत आम्हाला पाऊलवाटेवर एकच स्पष्ट ठसा सापडला होता. ठशाचा साचा घ्यायला सरांनी त्यात ओतलेलं प्लास्टर वाळायच्या आतच वळणावरून म्हशी आल्या. आमच्यात सर्वांत पुढे होते बेलबॉटममधली मी. हात पसरून मी पुटपुटले, "स्टॉप, स्टॉप!" म्हशींमागची बाई खदखदून हसली, "आवं ताई, म्हशीला इंग्रजी कळत न्हाई. वरडा की!" मग मी अशी ओरडले की म्हशी जागीच थबकल्या. तिने त्या वरच्या अंगाने वळवल्या आणि वाळलेला ठसा उचलायला स्वतःही हात लावला. म्हणाली, "जपून, आमचा वाघ हाय!" आज शिकवताना माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, तो त्या म्हशींमुळे.