जीपच्या पोटातलं लाल तेल

तम्माण्णा गेल्याची बातमी मला मोबाइलवर आलेल्या शोकफलकावरून कळली. फलकावर त्याचे थोरले बंधू अप्पासाहेब हात जोडून उभे होते, चांगले ऐसपैस, आणि तम्माण्णा वरच्या कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढा. नक्की कोण गेलं हे समजायला मला क्षणभर लागलं... आणि समजल्यावर, हा फलक त्याला दाखवायला हवा, हाच पहिला विचार मनात आला.

आमची ओळख शाळेपासूनची. कोल्हापुरात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालायचं, भांडण रंगलं की एकाच वाक्यात. दुकान त्यानं इमानानं चालवलं, पण जीव इंजिनांत. खंडेनवमीला सगळं गाव गाड्या धुतं, हार घालतं, चाकाखाली लिंबू ठेवतं. तम्माण्णाचं म्हणणं, खरी आंघोळ आतून पाहिजे. त्या सकाळी आम्हा मित्रांच्या गाड्या दुकानामागच्या शेडपुढं लागायच्या. इंजिनाचं जुनं तेल बदलण्याआधी तो त्यात थोडं लाल तेल ओतायचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते. गाडी जागेवरच जरा वेळ सुरू ठेवायची आणि मग सगळं खाली सोडायचं. डांबरासारखा काळा ऐवज पत्र्याच्या डब्यात पडायचा आणि हा गुण आलेल्या वैद्याच्या समाधानानं बघत राहायचा.

"एरंडेल हाय हे," म्हणायचा. "पोट साफ झालं की माणूस हलकं होतंय, इंजिनाचं काय येगळं?"

"गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात हे कुठं लिहिलेलं नाही," मी म्हणायचो.

"आईनं तुला एरंडेल पाजलं ते पुस्तकात बघून व्हय?"

मला हा प्रकार कधी पटला नाही. तरी गाडी मात्र दर वर्षी घेऊन जायचो, कारण त्या सकाळचा चहा आणि त्याच्या शिव्या दुसरीकडं मिळत नव्हत्या. शिवाय त्याला आपल्या औषधाची मर्यादा ठाऊक होती. फार जुना गाळ बसलेल्या इंजिनात तो लाल तेल घालत नसे. तसला गाळ एकदम सुटला, की तळाच्या जाळीत जाऊन अडकतो, तेल वर चढत नाही आणि इंजिन कोरडं फिरून जाम होतं.

वडिलांच्या वेळची डिझेल जीप अप्पासाहेबांकडं होती. ते एका पतसंस्थेचे संचालक झाल्यापासून त्यांच्या नावातलं 'साहेब' पक्कं झालं होतं आणि जीप सणासमारंभालाच बाहेर निघायची. एका खंडेनवमीला ते हार घातलेली जीप आणि चार-पाच कार्यकर्ते घेऊन शेडपुढं उतरले. शिरोळकडं कुठंतरी त्यांचा सत्कार होता.

"गावाच्या गाड्यांस्नी आंघोळ आणि घरची जीप पारोशी?"

तम्माण्णा त्यांच्या जवळ गेला आणि अगदी हळू म्हणाला, "अप्पा, हिला नको. लई जुना गाळ हाय." मी शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"घाल की! का आमच्या वाट्याचं तेल संपलं?" अप्पासाहेब मोठ्यानं म्हणाले. कार्यकर्ते हसले. त्या घरात थोरल्याला चारचौघांत दुसऱ्यांदा नको म्हणायची रीत नव्हती. तम्माण्णानं तेल ओतलं.

उसाच्या फडांमधून जाताना जीप खडखडली आणि थांबली ती थांबलीच. सत्कारमूर्ती ट्रॅक्टरवर बसून समारंभाला पोचले. परतल्यावर धाकट्यानं वडिलांच्या जीपला विष घातलं, असं त्यांनी भेटेल त्याला सांगितलं. भावांचं बोलणं बंद झालं.

"खरं काय ते सांग की त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू? थोरल्याला खोटं पाडू? मला नको म्हणता आलं न्हाय, ह्ये तर खरंच हाय की."

त्यानं जीप ओढून शेडमध्ये आणली. इंजिन उतरवून खोललं, उद्यमनगरातल्या वर्कशॉपातून काम करवून आणलं आणि रविवारच्या रविवारी बसून स्वतः जोडलं. तयार झाल्यावर माझ्याकरवी निरोप धाडला, "न्या म्हणावं." अप्पासाहेब म्हणाले, "ज्यानं बिघडवली त्यानं दारात आणून लावावी." एवढ्यात त्यांच्याकडं नवी, लांबलचक गाडी आली होती, तिला ड्रायव्हर होता. दोघांच्या मध्ये मी निरोप्या झालो. मग तेही थांबलं... आणि तम्माण्णा झोपेतच गेला.

दिवसकार्य उरकल्यावर एका रविवारी अप्पासाहेबांनी मला शेडवर बोलावलं. एकटेच आले होते, रिक्षानं. आम्ही ताडपत्री काढली. किल्ली जीपलाच होती. इंजिन लगेच सुरू झालं आणि शेडभर तो आवाज भरला, सावकाश, एकसारखा. अप्पासाहेबांनी ते बंद केलं, बॉनेट उघडायला लावलं आणि तेल कुठं बघायचं ते विचारलं. मी पट्टी दाखवली. त्यांनी ती ओढली. टोकाला मधाच्या रंगाचं, नितळ तेल. फडकं शोधायचं सोडून त्यांनी पट्टी कडक इस्त्रीच्या सदऱ्यालाच पुसली.

"त्या दिवशी तो नको म्हणलता," ते म्हणाले.

साक्ष काढताहेत असं वाटून मी होय म्हणायला तोंड उघडलं.

"मला ऐकू आलतं," ते म्हणाले.

जीप अजून तिथंच आहे. रविवारी सकाळी अप्पासाहेब येतात, पट्टी ओढून तेल बघतात, इंजिन सुरू करून शेजारच्या लोखंडी स्टुलावर बसतात. ते स्टूल तम्माण्णाचं, बेतानं कापलेलं, बुटकं. त्यावर बसलं की गुडघे छातीशी येतात. इतक्या खाली बसलेले अप्पासाहेब मी कधी पाहिले नव्हते. परवा मी म्हटलं, "आता घरी न्या की जीप."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"कुणाला इचारून?"